लेकीची पोटदुखी अंगावर काढू नका

शेतकरी बंधूंनो, बैल लंगडला तर त्याच दिवशी आपण गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी आपली लेक मात्र दर महिन्याला दोन दिवस पोट धरून पडते, आणि ‘बायकांचं असतंच’ म्हणून आपण ओट्यावर जाऊन बसतो.

त्या दोन दिवसांचा हिशेब मांडून पाहा. एसटीत उभ्यानं प्रवास, मग पाठोपाठ तास. मळमळ, चक्कर, कधी जुलाब, आणि ओटीपोटातून मांड्यांत उतरणारी कळ. पोरगी घरी राहिली तर प्रॅक्टिकल बुडतं. गेली तर फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही. महिन्याला दोन, म्हणजे दहा महिन्यांत २० दिवस. परीक्षेला साधारण ७५ टक्के हजेरी लागते, अन् गैरहजेरीचं खरं कारण सरांना सांगायला जीभ रेटत नाही.

हे नखरे नव्हेत. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांनी गर्भाशय पिळल्यासारखं आवळतं, त्याला रक्त कमी पोचतं आणि कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या हीच द्रव्ये बनू देत नाहीत. म्हणून कळ सुरू होताच, पोटात काही घालून घेतलेली गोळी चांगली लागू पडते. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही गुण देतो. गोळीनं पुढं मूल होत नाही, ही समजूत निराधार आहे.

गोळीनंही थांबत नसेल, वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठा. एंडोमेट्रिओसिस हा आजार असू शकतो. साध्या सोनोग्राफीत तो दरवेळी दिसतोच असं नाही. ‘लग्न झालं की थांबेल’ हा इलाज नव्हे.

सुरुवात आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करा. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकही असतं.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, तुमच्याही हाती काही आहे. एसटीच्या फाट्यावर पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का? ग्रामसभेत हा विषय घ्या. हजेरीचा प्रश्नही सुटू शकतो. केरळ सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींसाठी ७५ ऐवजी ७३ टक्के हजेरी पुरेशी धरली. आपल्याकडच्या कॉलेजांपुढेही ही मागणी पालकांनी ठेवायला हवी.

लेकीशी बोलायला संकोच वाटत असेल, तर कारभारणीला एवढंच म्हणा: “पोरीला उद्या दवाखान्यात दाखवून ये, खर्चाचं मी बघतो.”