बॉस कडक आहे की छळतोय? ऑफिसमधलं बुलिंग कसं ओळखायचं आणि त्यावर काय करायचं?

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पाणउतारा. तुम्ही केलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्याला. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मुद्दाम वगळणं. यातलं काही एखाद्या वेळी घडलं, तर तो दिवस वाईट गेला म्हणून सोडून देता येतं. पण एकाच माणसाला टार्गेट करून हे वारंवार होत असेल, तर ते बुलिंग आहे.

कडक बॉस आणि छळ यात फरक काय?

कडक बॉस कामातली चूक दाखवतो आणि नियम सगळ्यांना सारखाच लावतो. बुलिंग करणारा थेट माणसावर घसरतो. 'हा रिपोर्ट चुकलाय' आणि 'तुला अक्कलच नाही' या दोन वाक्यांत हाच फरक आहे. छळणारा दरवेळी बॉसच असतो असंही नाही. सहकारीही तो करू शकतात.

परिणाम किती गंभीर?

झोप उडते, डोकं दुखतं, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. हळूहळू 'आपल्यालाच काही जमत नाही' असं वाटू लागतं आणि त्यातून खरंच चुका होऊ लागतात. छळणाऱ्याला आयतं कारण मिळतं.

फ्रान्स टेलिकॉम कंपनीचं प्रकरण जगभर गाजलं. २००६ नंतरच्या तीन वर्षांत २२ हजार नोकऱ्या कमी करायच्या, असं कंपनीने ठरवलं. अनेकांना सरकारी कर्मचाऱ्यांचं संरक्षण असल्याने थेट काढता येत नव्हतं. मग लोकांनी स्वतःहून जावं यासाठी बदल्या आणि दबाव सुरू झाला. कोर्टाने ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणं तपासली. त्यातल्या १९ जणांनी आत्महत्या केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने कंपनीला आणि तिचे माजी प्रमुख दिदिए लोंबार यांना दोषी ठरवलं. छळ एखाद्या बॉसचा नाही, तर कंपनीच्या धोरणाचाही असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

भारतात कायदा काय सांगतो?

ऑफिसमधल्या सर्व प्रकारच्या बुलिंगसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. मात्र महिलांच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची असते. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. जातीवरून अपमान झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा आणि धमकी दिली तर भारतीय न्याय संहिता लागू होऊ शकते. बाकी बाबतीत मुख्य आधार कंपनीच्या नियमांचा.

मग काय करायचं?

१. नोंद ठेवा. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका, ते तुमच्यावरच उलटू शकतं.

२. तोंडी सूचना लेखी करून घ्या. 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे हे काम सोमवारपर्यंत देते' एवढा मेलही पुरेसा आहे.

३. तक्रार मुद्देसूद करा. 'मला खूप त्रास होतो' याऐवजी तारीखवार घटना लिहा. एचआरला मेल करा आणि त्याची प्रत जपून ठेवा.

४. रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. घरभाडं, ईएमआय आणि नोटीस पिरियडचा हिशोब करा, दुसरी नोकरी शोधायला लागा. ठरवून नोकरी सोडणं म्हणजे पळ काढणं नव्हे.

५. एकट्याने सोसू नका. घरच्यांशी बोला. मन फारच खचलं असेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि शेजारच्या डेस्कवर हे घडत असेल तर?

मीटिंगनंतर 'तुझ्याशी ते चुकीचं वागले, मी पाहिलंय' एवढं तरी सांगा. तक्रारीची वेळ आली, तर तुमची साक्ष त्या सहकाऱ्याच्या नोंदवहीइतकीच मोलाची ठरते.