हुकूमनामा हाती आला, पुढे काय?

क्रेडिट कार्डाचे बिल थकले की आधी फोन येतात, मग वसुलीची माणसे येतात, मग वकिलाची नोटीस. या कागदांची घराला इतकी सवय होते, की एक दिवस न्यायालयाचे समन्स येते तेही त्याच गठ्ठ्यात पडते. घोटाळा होतो तो इथे. नोटीस बँकेच्या वतीने वकील पाठवतो. समन्स न्यायालय काढते. ते घेऊनही आपण गेलो नाही, तर न्यायालय एकट्या बँकेचे ऐकून घेते आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. दावा ‘संक्षिप्त’ स्वरूपाचा असेल, तर हजर होण्यासाठी अवघे दहा दिवस मिळतात.

हुकूमनामा झाला म्हणजे सारे संपले, असे मात्र नाही. प्रथम त्याची प्रमाणित नक्कल मिळवा आणि त्यावरची तारीख पाहा. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, किंवा हजर न राहण्यास सबळ कारण असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवसांची. समन्स पोहोचलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून ३० दिवस. संक्षिप्त दाव्यातल्या हुकूमनाम्यासाठी नियम वेगळा आणि अधिक कडक आहे; तो वकिलाकडून समजून घ्यावा. कार्डाच्या करारात लवादाची अट असेल, तर दाव्याऐवजी लवादाचा निवाडा येतो. त्याला आव्हान देण्यास निवाडा हाती पडल्यापासून तीन महिने आणि सबळ कारण दाखवल्यास फार तर आणखी ३० दिवस मिळतात. त्यानंतर तोही हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो.

देणे खरेच असेल आणि हुकूमनाम्याविरुद्ध सांगण्यासारखे काही नसेल, तर? तरीही ३० दिवसांच्या आत हप्ते बांधून मागता येतात. त्याला बँकेची संमती मात्र लागते. काहीच केले नाही, तर बँक वसुलीसाठी ‘दरखास्त’ दाखल करते आणि त्यासाठी तिला तब्बल १२ वर्षांची मुदत असते. गप्प बसल्याने देणे विरत नाही. उलट हुकूमनाम्यात लिहिलेले व्याज चढत राहते.

दरखास्तीत जप्ती येते, पण जप्तीलाही कुंपण आहे. संहितेचे कलम ६० म्हणते, की अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे यांना हात लावता येत नाही. धर्माच्या रूढीप्रमाणे जे दागिने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत, तेही सुरक्षित. सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम, आयुर्विम्याची पॉलिसी आणि सरकारी निवृत्तिवेतन यांनाही संरक्षण आहे. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच जप्त होते. पगार २५,००० असेल, तर १७,००० घरी येतात आणि ८,००० पर्यंत रक्कम कापली जाऊ शकते. एकाच हुकूमनाम्याखाली ही कपात एकूण २४ महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार मोकळा होतो. राहते घर किंवा बँकेतली ठेव मात्र एरवी जप्तीच्या बाहेर नसते.

‘तुरुंगात घालू’ ही धमकी सर्रास दिली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीज खटल्यात स्पष्ट केले, की केवळ पैसे नाहीत म्हणून कुणाला दिवाणी कैदेत टाकता येत नाही. ऐपत असून दडवादडवी करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि ती भोगूनही देणे फिटत नाही. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. हुकूमनाम्यानंतर बँक बहुधा तडजोडीला तयार होते. माणूस दागिने मोडून, नातेवाइकांकडून उसने घेऊन रक्कम भरतो आणि सुटलो म्हणतो. पण न्यायालयाबाहेर दिलेल्या पैशांची नोंद न्यायालयात झाली नाही, तर दरखास्त चालवणारे न्यायालय ते जमेस धरत नाही. म्हणजे तेच देणे पुन्हा दारात उभे राहते. म्हणून तडजोड लेखी घ्या. रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्या, वसुलीवाल्याच्या हातात रोख कधीही देऊ नका. आणि बँकेकडून न्यायालयात ‘रक्कम मिळाली’ अशी पुरशीस दाखल करून घ्या. ती टाळाटाळ करत असेल, तर पैसे दिल्यापासून ३० दिवसांत आपणच पुराव्यासह अर्ज करावा. तडजोड लोकअदालतीत झाली, तर तिथला निवाडाच हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करावी.

वकिलाची फी परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असले, तरी तिथे मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा पाहून. जाताना समन्स, हुकूमनामा आणि पैसे भरल्याच्या सगळ्या पावत्या बरोबर न्याव्यात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)