महाबळेश्वरची वाट कात्रजवरून

पुण्याहून महाबळेश्वरला रस्त्याने जायचे तर तीन घाट चढावे लागतात : कात्रज, खंबाटकी आणि पसरणी. गाडीत बसलेल्याला ती नुसती वळणे वाटतात. नकाशा उलगडला की कळते, यातला प्रत्येक घाट पाण्याची वाटणी करतो. कात्रजच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस आंबिल ओढ्याने मुठेकडे जातो, दक्षिणेला पडलेला शिवगंगेतून गुंजवणीला आणि पुढे नीरेला मिळतो. शिरवळपाशी नीरा ओलांडून खंबाटकी चढला की पलीकडे कृष्णेचे खोरे लागते. वाईला त्या कृष्णेला भेटून पसरणीने वर गेले, की तिच्याच उगमाच्या पठारावर माणूस पोहोचतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर १,३७० मीटरच्या आसपास. साधारण एकशे वीस किलोमीटरमधली ही चढाई तीन टप्प्यांत विभागली आहे आणि तिचा पहिला टप्पा आज पुणे महापालिकेच्या हद्दीतच सुरू होतो.

महाबळेश्वरवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पॉइंट, पंचगंगेचे मंदिर, स्ट्रॉबेरी, मध या सगळ्यांवर. मला त्या वाटेबद्दल लिहायचे आहे, आणि विशेषतः कात्रजबद्दल. डोंगरावरच्या गारव्याची किंमत गेली दोनशे वर्षे ज्या गावांनी चुकती केली, त्यांत कात्रज पहिले येते.

पेशवाईत पुण्याच्या लेखी कात्रज म्हणजे पाणी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, इथे तलाव बांधला गेला आणि दगडी नळातून ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेले गेले. जमिनीखालून उताराच्या जोरावर वाहणारे पाणी, हवा खेळती राहावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी बांधलेले उच्छ्वास, गाळ बसावा म्हणून केलेली सोय : डोंगराचा उतार नीट समजून घेतलेल्या लोकांचे हे काम होते. घाट तर पेशवाईच्याही आधीपासून वापरात होता. लाल महालावरच्या छाप्यानंतर, १६६३ साली, बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शाहिस्तेखानाच्या फौजेला कात्रजच्या घाटाकडे पळवले, ही कथा पुण्यात घरोघरी सांगितली जाते. साताऱ्याकडे जायला दुसराही मार्ग होता. बापदेव किंवा दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, नीरा आणि मग सालप्याचा घाट. लांबचा, पण चढाला सौम्य. पुढे रेल्वे आली तेव्हा तिने साधारण हीच दिशा धरली आणि कात्रजला वळसा घातला.

महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण झाले ते १८२४ नंतर. त्या वर्षी लॉडविक हा इंग्रज अधिकारी डोंगर चढून आला; ज्या कड्यावर त्याच्या नावाचा स्तंभ आहे तो लॉडविक पॉइंट. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला जागा आवडली. ती होती साताऱ्याच्या छत्रपतींच्या मुलखात. १८२९ साली माल्कम आणि प्रतापसिंह महाराज यांच्यात करार झाला, महाबळेश्वरच्या बदल्यात वाईजवळचे खंडाळा महाराजांना मिळाले आणि वर माल्कम पेठ वसली. साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता प्रतापसिंहांनी बांधून दिला. आज दिसणारे वेण्णा तळे त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधले. साहेबांच्या नावांनी भरलेल्या या गावात ये-जा करण्याची आणि पाण्याची पहिली सोय साताऱ्याच्या गादीने केली, हे तिथल्या फलकांवरून सहसा कळत नाही. मला ही उणीव खटकते.

मुंबईकरांची वाट त्या काळी निराळीच होती. गलबताने किंवा पुढे आगबोटीने बाणकोटच्या खाडीत शिरायचे, सावित्री नदीतून दासगाव-महाडपर्यंत यायचे, तिथून पोलादपूर, आणि मग रडतोंडीच्या घाटाने पालखीतून किंवा तट्टावरून वर. अफझलखानाचे सैन्य १६५९ मध्ये याच घाटाने जावळीत उतरले होते. गाडीचे चाक या बाजूने वर चढले ते १८७० च्या दशकात, आंबेनळीचा घाट बांधून झाल्यावर. गव्हर्नरच्या नावावरून तो फिट्झगेराल्ड घाट म्हणूनही ओळखला जाई. महाबळेश्वरच्या मुंबई पॉइंटला ते नाव पडले तेही जुनी मुंबईची वाट त्या अंगाने जात असे म्हणून. सूर्यास्त बघायला तिथे गर्दी करणाऱ्यांनी खालच्या दरीकडे एकदा वाट म्हणून पाहावे. खांद्यावर पालखी घेतलेले भोई तो चढ अनवाणी चढत होते.

पुण्याच्या बाजूने मात्र बैलगाडी, दमणी आणि नंतर टांगा हेच वाहन होते. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्यात मुक्काम करी. त्यामुळे कात्रज-वाईचा हा रस्ता सरकारच्या दोन हंगामी मुक्कामांना जोडणारा रस्ता झाला. जूनच्या सुरुवातीला वरची बंगलेवस्ती रिकामी होई. कारण सरळ होते. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या पुढे. पावसाळ्यात तिथे राहणे म्हणजे घराला गवताच्या झडपा बांधून आत बसणे. कात्रजच्या खिंडीखालून काढलेला जुना बोगदा इंग्रजी अमदानीतला. माथ्यावरचा शेवटचा खडा चढ त्याने वाचवला आणि जनावरांचे हाल थोडे कमी केले. तो बोगदा अजून वापरात आहे, आणि आजही त्याच्या दक्षिण तोंडाशी थांबले की शिवगंगेचे खोरे एकदम समोर येते.

१८९० च्या सुमारास पुणे-लोंढा रेल्वेमार्ग पुरा झाला आणि कात्रजवरचा भार काही काळ हलका झाला. महाबळेश्वरचे स्टेशन ठरले वाठार. पुण्याहून गाडीने वाठारला उतरायचे, तिथून टांग्याने वाई, पसरणी, पाचगणी असे वर जायचे. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. लांबचा पल्ला एका मोठ्या वाहनात सगळ्यांनी मिळून, आणि शेवटचा चढ लहान वाहनात. टांग्याला घोडे बदलावे लागत, म्हणून वेळापत्रक पाळावे लागे. आज वाठार स्टेशनवर उतरून महाबळेश्वरला जाणारा प्रवासी शोधून सापडणार नाही.

पाचगणीची हकिगत थोडी वेगळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय या रस्त्यावरची माणसे पुरती दिसत नाहीत. १८६० च्या दशकात जॉन चेसन याने तिथे वस्ती आणि झाडे रुजवली. सह्याद्रीच्या पहिल्या कड्यापासून पूर्वेला असल्यामुळे पाचगणीला महाबळेश्वरच्या मानाने पाऊस बराच कमी, म्हणून बारा महिने राहता येते. त्यामुळे इथे शाळा आल्या, आणि आजारी माणसेही. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर ही क्षयरोग्यांची आरोग्यशाळा सुरू केली, तेव्हा क्षयावर औषध नव्हते; कोरडी स्वच्छ हवा, आहार आणि विश्रांती एवढाच उपचार. पसरणीच्या वळणांवरून वर गेलेल्यांत सुट्टीचे पाहुणे होते, ट्रंक घेऊन निघालेली वसतिगृहाची मुले होती, आणि परत खाली येऊ की नाही हे ठाऊक नसलेले तरुण रोगीही होते. ज्या पसरणी गावावरून घाटाला नाव मिळाले, तिथलेच शाहीर साबळे. घाटाच्या पायथ्याचे हे गाव गाडीच्या काचेतून क्षणभर दिसते आणि मागे पडते.

स्वातंत्र्यानंतर एसटी आली. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली आणि पुढच्या काही दशकांत लाल गाडीने महाबळेश्वर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. स्वारगेटवरून निघायचे, कात्रजला शहर संपायचे, घाटात मुलांना मळमळायचे, वाईला चहा. साहेबांचे, संस्थानिकांचे आणि पारशी धनिकांचे असलेले ठिकाण तिकिटाच्या पैशात दिसू लागले. या रस्त्याच्या दोन शतकांतला हा सर्वांत मोठा बदल, असे माझे मत आहे. चौपदरी रस्त्याने आणि बोगद्यांनी वेळ वाचवला, पण दारे उघडली ती एसटीने.

आता कात्रजकडे परत येऊ. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामात मुंबई-बेंगळुरू महामार्ग शहराच्या पश्चिमेने वळवला गेला आणि जांभूळवाडीच्या तळ्याजवळून सुमारे सव्वा किलोमीटरचा नवा जुळा बोगदा डोंगरातून गेला. मुंबईहून येणाऱ्याला आता पुण्यात शिरावे लागत नाही. पण उतार कुठे जात नाही. नव्या बोगद्यातून पुण्याकडे निघालेली अवजड गाडी दरी पुलावरून नऱ्हे आणि नवले पुलापर्यंत सलग उतरत येते. डिझेल वाचवायला चालकाने गाडी न्यूट्रलवर सोडली की काही मिनिटांत ब्रेक तापतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री अशाच उतरत्या ट्रकने नवले पुलाजवळ चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. जुन्या घाटात वळणेच गाडीचा वेग धरून ठेवत. नव्या रस्त्याने वळणे काढली आणि वेग आवरण्याचे काम ताणलेल्या, थकलेल्या माणसावर सोपवले. खंबाटकीतही तेच. साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि पुण्याकडे येताना बोगद्यातून यायचे, अशी एकेरी व्यवस्था झाली. बोगद्यानंतरचे इंग्रजी ‘एस’च्या आकाराचे वळण मात्र जीवघेणे ठरले. एप्रिल २०१८ मध्ये कर्नाटकातून शिरवळकडे कामाला निघालेल्या मजुरांचा टेम्पो तिथे उलटला आणि पंधराहून अधिक माणसे गेली. सहलीच्या या रस्त्यावर पोटासाठी निघालेली माणसेच अधिक असतात, हे लक्षात राहायला हवे.

डोंगर फोडण्याचे परिणाम पाण्यातही दिसले. जून २०१३ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, कात्रज घाटाच्या पलीकडे शिंदेवाडीजवळ एका सरीचे पाणी रस्त्यावर लोटले आणि त्यात मोटारीतल्या माय-लेकी वाहून गेल्या. वर टेकड्या कापून सपाट केल्या होत्या, ओढ्यांच्या वाटा भरल्या होत्या. घाटाच्या अलीकडे, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुण्यात व आसपास वीसहून अधिक बळी गेले. एकाच खिंडीच्या दोन उतारांवर सहा वर्षांत हे घडले. ज्या कात्रजच्या पाण्यावर पेशव्यांच्या कारागिरांनी नळ बांधले, त्याच पाण्याच्या वाटा आपण बुजवल्या.

वरच्या टोकालाही हेच. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी वाहून गेला आणि पोलादपूरची वाट बंद पडली. महाबळेश्वर-पाचगणी परिसराला केंद्र सरकारने २००१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले आहे. तिथे झाड तोडायला, बांधकाम करायला बंधने आहेत. पण पठार जितक्या मोटारी पेलू शकते त्याहून अधिक आल्या तर त्यांना अडवणारा नियम नाही. नाताळच्या आठवड्यात आणि मे महिन्यात पाचगणी ते महाबळेश्वर या वीसेक किलोमीटरला कधी कधी पुणे ते वाई एवढा वेळ लागतो. महामार्गावर वाचवलेला तास वेण्णा तळ्याच्या काठी गाडीत बसून खर्च होतो.

वर पोहोचल्यावर फिरायचे कसे, याला मी तरी एकच उत्तर देतो : गाडी लावून ठेवावी. विल्सन पॉइंट बाजारपेठेपासून पायी जाण्यासारखा आहे, लॉडविक आणि मुंबई पॉइंटही चालणाऱ्याला दूर नाहीत. जांभळीच्या, हिरड्याच्या, गेळ्याच्या सावलीतून जाणाऱ्या त्या लाल मातीच्या वाटा हेच खरे महाबळेश्वर. आर्थर सीट आणि केट्स पॉइंट लांब पडतात. त्यांच्यासाठी स्थानिक टॅक्सी आहे, एसटीची दर्शन गाडी आहे. वाई-पाचगणीच्या बाजूला वडाप, म्हणजे प्रवाशांनी वाटून घ्यायची जीप, मिळते. प्रतापगड किंवा तापोळा करायचे असेल तर पहाटे निघावे. भिलारला, २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात, घराघरांतून वाचायला बसता येते, आणि दुपार तिथे घालवली तर रस्ताही मोकळा मिळतो.

कात्रज चौकात मात्र आज श्वास घ्यायला जागा नाही. स्वारगेटकडून येणारी शहराची रहदारी, कोंढव्याच्या रस्त्याने येणारे ट्रक, साताऱ्याकडे निघालेल्या खासगी बस, ‘सातारा, कराड’ म्हणून ओरडणारे जीपवाले, आणि या सगळ्यांतून मुलांना हाताला धरून रस्ता ओलांडणारी वस्ती. देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग २००६ मध्ये याच कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर सुरू झाला. बससाठी राखलेली ती मार्गिका नंतर नीट जपली गेली नाही. चौकात उड्डाणपूल हाती घेतला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज या साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला मंजुरी दिली.

या मेट्रोत मला वाठारच्या टांग्याची शक्यता पुन्हा दिसते. मेट्रोचे शेवटचे स्थानक कात्रजला होणार आहे. त्याला लागूनच, एका छपराखाली, वाई-पाचगणी-महाबळेश्वरकडे ठरलेल्या वेळेला सुटणारी एसटी उभी राहिली, तर शिवाजीनगरचा किंवा पिंपरीचा माणूस स्वतःची मोटार घराशी ठेवून निघू शकेल. त्यासाठी नवा डोंगर फोडायला नको. हवी आहे ती स्थानकाच्या आराखड्यात बस उभी राहण्याएवढी जागा, सामान घेऊन चढता येईल असा उतार, आणि मेट्रो व एसटी या दोन खात्यांनी एकत्र बसून आखलेले वेळापत्रक. भुयार खोदून झाल्यावर ही जागा मिळणार नाही, कारण कात्रज चौकाच्या चहूबाजूंना तोवर इमारती उभ्या राहिलेल्या असतील. आराखड्यावरच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातील तेव्हा कात्रजच्या रहिवाशांनी ही मागणी पहिल्या क्रमांकावर लिहावी, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या नगरपालिकांनी तिच्याखाली सही करावी.