तार तापू न देणारी वीज आणि तिची भाऊबंदकी. हिशेब चाललाय कृष्णविवरावर

बुऱ्हाणपूर : पावरलूमवाल्याला दोन गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. वीज वाहिली की तार तापते, म्हणजे थोडी वीज वाटेतच जाते. आणि ताण्यातला जो धागा एका पट्ट्यात बसला, तो दुसऱ्या नक्षीला मिळत नाही. भौतिकशास्त्रातलं एक जुनं कोडं या दुसऱ्या गोष्टीसारखंच आहे.

तार मुळीच न तापणं याला अतिवाहकता म्हणतात. १९११ मध्ये हॉलंडच्या कामरलिंग ओनेस यांना ती उणे २६९ अंशांच्या पाऱ्यात दिसली. यात इलेक्ट्रॉन जोड्या करून एका तालात चालतात. १९८७ मध्ये तांब्याच्या एका ऑक्साइडने हीच करामत उणे १८० अंशांना केली. या ऑक्साइडची मजल त्याच्या वर का जाईना, तर एक संशयित म्हणजे विद्युतभार-लहर. इलेक्ट्रॉन सारखे न पसरता कुठे दाट, कुठे विरळ असे पट्टे पाडतात. २०१२ च्या क्ष-किरण प्रयोगांत दिसलं, की याच ऑक्साइडमध्ये अतिवाहकता सुरू झाली की पट्टे फिके पडतात. चुंबकाने तिला दाबलं की पुन्हा गडद होतात. सरळ भाऊबंदकीच! पण नायोबियम डायसेलेनाइडमध्ये उणे २४० ला पट्टे पडतात, उणे २६६ ला अतिवाहकता येते, आणि दोन्ही एकत्र नांदतात.

इलेक्ट्रॉन एकमेकांत फार गुंतले की नेहमीचं गणित थकतं. हुआन मालदासेना यांनी १९९७ मध्ये वाट दाखवली : असा गुंता एक मिती जास्त असलेल्या विश्वातल्या गुरुत्वाकर्षणाच्या भाषेत मांडायचा. हेच होलोग्राफिक मॉडेल. त्यात पदार्थाचं तापमान म्हणजे कृष्णविवराचं तापमान. ते उतरलं की विवराभोवती विद्युतभारित क्षेत्र साचतं, ती अतिवाहकता. हे २००८ मध्ये हार्टनॉल, हर्झॉग आणि होरोविट्झ यांनी दाखवलं. विवराच्या पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या, तर ती भार-लहर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संदीप त्रिवेदी यांनीही सहकाऱ्यांसोबत २००९ मध्ये अशा भारित, थंड कृष्णविवरांचं गणित मांडलं.

आता भांडण. दोघांना वाटा हवा तो एकाच विद्युतभारातून. जो आधी बसतो तो वाटा घेतो आणि दुसऱ्याला आणखी थंडीची वाट पाहावी लागते, कधी संधीच मिळत नाही. मात्र मॉडेलमधल्या आकड्यांची जुळणी बदलली की दोघं एकत्रही राहतात. कधी जोड्यांचेच पट्टे पडतात. म्हणजे लहरीला सरसकट शत्रू ठरवता येत नाही.

एक गोष्ट मात्र लपवू नये. या मॉडेलांत ना तांबं आहे, ना ऑक्सिजन. जुळणीचे आकडे बहुतेक वेळा संशोधकच हाताने ठरवतात.