मंगळवेढ्याची काळी

मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात सावलीला झाड शोधावं लागतं. पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, भीमेच्या दक्षिणेला हे तालुक्याचं गाव. गावाबाहेर पडलं की सपाट काळं रान लागतं, बांधही धड दिसू नयेत इतकं सलग. उन्हाळ्यात या रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. पावसाचं पाणी या भेगांतून खोल उतरतं, मग चिकणमाती फुगते आणि भेगा मिटतात. रान पाणी पिऊन तोंड बंद करतं, असंच म्हणा.

पाऊस तरी किती? वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला कामाचा पाऊस सप्टेंबरातला. त्यामुळे इथला खरा हंगाम रब्बीचा. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर ज्वारी पेरली जाते आणि पुढं आभाळातून थेंब पडला नाही तरी ती कणसावर येते. अर्थात आपोआप नाही. पीक वाढीला लागलं की कोळपणी सुरू होते. तण तर जातंच, पण वरची माती भुसभुशीत राहून खालची ओल उडत नाही. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतो ते उगाच नाही. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्यानं, खास भेगा बुजवायला. कॅनॉल नसलेल्या काळात सिंचन म्हणायचं ते हेच.

अशा रानात पिकलं की रग्गड पिकतं आणि हस्त कोरडा गेला की वैरणीचेही वांधे होतात. म्हणून साठवणीला इथं मोल आलं, आणि मंगळवेढ्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट कोठाराची आहे, यात नवल नाही. दामाजीपंत हे बिदरच्या बहामनी राजवटीचे इथले अंमलदार. 1460 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळाला ‘दामाजीपंताचा दुष्काळ’ हेच नाव पडलं. त्यांनी सरकारी धान्य भुकेल्यांना वाटलं आणि विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन त्याची रक्कम भरली, ही कथा घरोघरी माहीत आहे. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: वाटायला एवढं धान्य कोठारात होतं.

गावाचा इतिहास याहून मागे जातो. कल्याणची गादी बळकावण्याआधी कलचुरी बिज्जलाचं ठाणं इथंच होतं आणि बसवेश्वरांनीही कल्याणला जाण्यापूर्वी काही काळ इथं काढला, अशी परंपरा आहे. संत कान्होपात्रा इथलीच. संत चोखोबांचा अंतही इथलाच. 1338 मध्ये गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते आणि इतर मजूर गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला नेल्या. महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे. ज्यांना गावकुसाच्या आत राहायला जागा नव्हती, त्यांच्याच हातांनी ते कूस उभं राहत होतं. पुढं हा मुलूख पटवर्धनांच्या सांगली संस्थानात गेला आणि संस्थान विलीन होईपर्यंत तिथंच राहिला.

इथं पिकणारी ज्वारी म्हणजे मालदांडी. 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून 35-1 हा वाण निवडला गेला. पुढं कितीतरी सुधारित वाण आले, पण भाकरी करणाऱ्या बाईच्या हाताला मालदांडीच लागते. पीठ विरी जात नाही, भाकरी गोडसर लागते. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नाव झालं. काढणीचा प्रश्न मात्र होता तिथंच आहे. ज्वारी मुळासकट उपटायची, कणसं मोडायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. हे कंबर मोडणारं काम आणि त्याला माणूस मिळत नाही. शिवाय कित्येकदा धान्यापेक्षा कडब्याचाच हिशेब आधी होतो, कारण दावणीला दुभती जनावरं असतात.

मंगळवेढ्याला ‘ज्वारीचं कोठार’ म्हणतात, पण हे बिरुद अख्ख्या तालुक्याला लावणं खरं नव्हे. दक्षिणेला, जत आणि कर्नाटकाच्या बाजूला सरकावं तशी माती उथळ होते, खाली मुरूम लागतो. तिथं ओल धरायला काळीच नाही. त्या गावांचा पाणीप्रश्न ‘पस्तीस गावांचा प्रश्न’ म्हणून वर्षानुवर्षं प्रत्येक निवडणुकीत वर येतो. वाणातले पस्तीस आणि गावांचे पस्तीस हा निव्वळ योगायोग, पण तालुक्याचं दुभंगलेपण त्यात नेमकं बसतं. उपसा सिंचन योजनेवर त्या भागाची भिस्त आहे. उद्या तिथं पाणी पोचलं तरी ज्वारीचं रान वाढेल असं समजू नये. उजनी धरणाचं पाणी जिथं जिथं फिरलं तिथं ऊस उभा राहिला. तालुक्यात दामाजींच्याच नावाचा साखर कारखाना आहे. पाण्याखालच्या रानात शेतकरी आधी ऊस बघतो, नाहीतर डाळिंब. ज्वारी राहते ती पाणी न पोचलेल्या काळ्या रानात.