डबीतील सुरमा

परदेशी निघालेल्या माणसाची पेटी कधी त्याची एकट्याची नसते. २०१८ साली संगीताच्या शिकवणीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सी येथे सात-आठ महिने राहण्याचा योग आला, तेव्हा माझ्या पेटीत तानपुऱ्याच्या तारांशेजारी दांडिया बाजारातील शेजाऱ्यांची भाजणी, मेतकूट आणि एक लहानशी डबी येऊन बसली. डबीत सुरमा होता. ज्यांच्या घरी मी उतरणार होतो, त्या मूळच्या बडोद्याच्या माईंना नातू झाला होता. बाळाच्या डोळ्यांसाठी म्हणून त्यांच्या जावेने तो मुद्दाम बाजारातून आणला होता.

माईंना कोण आनंद झाला! रोज न्हाऊमाखू घातल्यावर बाळाच्या डोळ्यांत सुरम्याची रेघ ओढली जाऊ लागली.

त्या राज्यात मूल वर्षाचे झाले की एकदा आणि दोन वर्षांचे झाले की पुन्हा, त्याच्या रक्तातील शिसे तपासण्याचा कायदा आहे. बाळाची तपासणी झाली आणि आकडा मर्यादेबाहेर निघाला. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम हा त्या वेळी तेथील सावधगिरीचा आकडा होता. २०२१ साली तो ३.५ वर आणला गेला. पुढे आरोग्य खात्याची एक बाई घरी आली. भिंतींचा जुना रंग, नळाचे पाणी, खेळणी, हळद, सारे विचारून झाल्यावर तिने सहज विचारले, “बाळाच्या डोळ्यांत काय घालता?” माईंनी कौतुकाने डबी पुढे केली. काही दिवसांनी तपासणीचा कागद आला. दोष त्या डबीचाच होता. सात समुद्र ओलांडून ती आणणारा मी! त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुरमा म्हणजे अँटिमनी, असे जुन्या पुस्तकांत असते. पण बाजारात त्या नावाने मिळणारी चकाकती काळी पूड पुष्कळदा गॅलिना, म्हणजे शिशाच्या खनिजाची असते. काही नमुन्यांत निम्म्याहून अधिक शिसे आढळले आहे. अमेरिकेत सुरम्याला सौंदर्यप्रसाधन म्हणून परवानगीच नाही. बाळ डोळे चोळते आणि तीच मूठ तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगात चार-पाचपट अधिक मुरते.

माईंना हे पटेना. “अरे, तुझ्यासुद्धा डोळ्यांत मी घातलाय. तुला काय झालं?” मला लगेच उत्तर सुचले नाही. मग म्हणालो, “माई, पेटीचा एक सूर जरासा उतरलेला असला आणि लहानपणापासून तीच पेटी ऐकली, तर तो सूर उतरलेला आहे हे कानाला कधी कळतच नाही.” शिशाचे तसेच आहे. ते हाडांत साठून राहते, मुलाच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करते, आणि वरून काही दिसत नाही. मूल जरा मंद राहिले, चित्त एका जागी ठरत नसले, तर आपण त्याच्या स्वभावाला बोल लावतो.

सुरम्यावरून गोष्ट शेंदरावर आली. मारुतीला आपण जो शेंदूर चढवतो तो मुळात शिशाचाच एक लाल ऑक्साइड. आपले कुंकू निराळे. ते हळदीला चुन्याने किंवा टाकणखाराने लाली आणून करीत. पण बाजारात हा भेद राहिलेला नाही. भांगात भरावयाच्या सिंदुराचे ११८ नमुने न्यू जर्सीतील आणि भारतातील दुकानांतून घेऊन तपासल्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे दहांपैकी सुमारे आठ नमुन्यांत शिसे होते. बहुतेकांत ते थोडे होते. तिघांत मात्र वजनाच्या तीस टक्क्यांहून अधिक निघाले. आपल्याकडेही प्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास कायद्याने मनाई आहे. परंतु कागदाच्या पुडीत सुटे मिळणाऱ्या मालावर घटकांची चिठ्ठी कोठून असणार?

सुरमा बंद झाला. पुढच्या तपासणीत आकडा उतरला आणि घराने सुटकेचा श्वास टाकला. माई मात्र काही दिवस गप्प होत्या. जिवापाड माया ज्या बोटाने केली त्याच बोटाने हे घडले, याचे दुःख त्यांना होते. डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांत काहीच घालू नका असे बजावले होते. मग एका संध्याकाळी त्यांनी तुपाची वात लावली, तीवर चांदीची वाटी पालथी धरली, जमलेली काजळी तुपात खलली आणि बाळाच्या गालाला इवलीशी तीट लावली. “माझ्या सासूबाई असंच करायच्या,” एवढेच म्हणाल्या.

आजही परदेशी निघताना माझ्या पेटीत शेजाऱ्यांचे डबे असतात. मात्र हाती कुंकवाची किंवा काजळाची डबी आली, तर ती कोठून आणली आणि आत काय आहे, हे मी आधी विचारतो. एखाद्या वहिनींना राग येतो. येऊ दे.