विमानाचा वेळ आणि घड्याळाचा वेळ

मुंबई ते लंडन हें हवाई अंतर सुमारें ७२०० किलोमीटर आहे. तें सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजूं नये. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणावा. नकाशावरील रेषेच्या बराच उत्तरेकडून जाणारा तो दोराच जवळचा मार्ग होय.

१९४८ च्या ८ जूनला निघालेलें एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' विमान कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला गेलें. आज मध्यें कोठेंहि न उतरतां सुमारें दहा तास लागतात. परतीस मात्र नऊच. कारण दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारे जोरदार वारे येतांना पाठीशीं असतात.

खरा घोटाळा होतो तो तिकिटावर. हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें. रात्रीं दोनला निघालेले चिरंजीव तेथें सकाळीं साडेसहाला उतरतात, आणि वडील हिशेब करतात, अवघे साडेचार तास! परतीच्या तिकिटावर हीच वजाबाकी साडेचौदा दाखविते. दोन्ही आंकडे मिळवावे, एकोणीस होतात. घड्याळांतील फरक उडाला. उरला तो दहा अधिक नऊ तासांचा खरा प्रवास.

उन्हाळ्यांत हा फरक साडेचारच तासांचा असतो. तोच हिवाळ्यांतहि धरून बसल्यास मातोश्रींना खुशालीच्या दूरध्वनीसाठीं एक तास उगीच काळजींत काढावा लागतो.